विंगेतून

मी प्रॉम्प्टर. माझं काम कुजबुजण्याचं.
वडशाच्या कंपनीत सत्तावीस सीझन
पडद्याआड, मांडीवर संहिता, हातात विजेरी,
नट अडला की पुढचा शब्द सरकवायचा
इतका हळू, की पहिल्या रांगेतल्या सरपंचालाही
तो नटाच्याच छातीतून आल्यासारखा वाटावा.
म्हणून आज माइकपुढं उभं केलंत, तरी
आवाज मागपर्यंत जाणार नाही. आधीच सांगतो.

लोमेश बगमारे. कासवटोल्याचा.
एकोणिसाव्या वर्षी हिरो झाला.
भाऊबीजेच्या मंडईपासून होळीपर्यंत
रोज नवं गाव, धान कापल्या बांधीत मांडव,
तणसावर दाटून बसलेली दोन हजार माणसं.
शंकरपटात कुणाची जोडी जिंकली ते विसरून
लोक विचारत, आज लोमेश आहे ना?
नाईटचे सहा हजार. बापानं कवेलू उतरवून स्लॅब टाकला.
खरं सांगू? पाठांतर कच्चं होतं पोराचं.
तिसऱ्या अंकात तर हमखास अडायचा.

तिसऱ्या अंकात तो मरायचा.
फौजीचा वेश भाड्याचा, काखेत उसवलेला,
छातीवर तेलाच्या डब्याच्या पत्र्याचं पदक,
कुंकवाचं पाणी, तबल्याची तिहाई,
आणि गोळी लागल्यावर चार मिनिटांचं भाषण.
लोक स्टेजवर चढून कॉलरला नोटा टाचत,
मेलेला लोमेश एक डोळा किलकिला करून
माझ्याकडं बघायचा: पडदा कधी, मास्तर?

एका पहाटे, गाव आता आठवत नाही,
मेकअपच्या खोलीत एक बाई आली.
पदराखालून लाखोळीच्या वड्यांची पुडी काढली,
त्याच्या हातात दिली, म्हणाली,
"बापू, माहा पोरगा बी फौजेत होता.
गेला तवा असाच बोलला असन का गा, येवढा वेळ?"

लोमेश अडला.
माझ्याकडं पाहिलं त्यानं.
संहितेत काही नव्हतं.

त्या रात्री खोबरेल लावून रंग काढला नाही.
तसाच गाडीत झोपला, उशी लाल करून.

मग कळलं, नाटक सुटल्यावर झोपायच्या वेळी
बोडीच्या पाळीवर धावतो म्हणे.
भरतीचा कागद आला तेव्हा सत्तर तारखा बुक होत्या.
मालकाचा इसार त्यानं मोजून परत केला,
नोटांना अजून टाचण्यांची भोकं.
"वेडा झाला का बे?" मालक म्हणाला.
"तिथं नुसता शिपाई होशील. इथं राजा होशील, डॉक्टर होशील,
मेलास तरी दुसऱ्या दिवशी उठशील."
"तेच तर जी," लोमेश म्हणाला, आणि निघाला.

आठ वर्षं. सुट्टीत यायचा,
तर सगळ्यात स्वस्त तिकिटात, मागं, मफलर गुंडाळून बसायचा.
स्टेजवर बोलावलं की मान हलवायचा.

त्या नदीचं नाव मला नीट म्हणता येत नाही.
बर्फ वितळून पूर आला, पूल गेला.
दोघांना त्यानं काठावर ढकललं,
तिसऱ्यासाठी पुन्हा उतरला.
सोबतचा जवान आला होता घरी, पंजाबकडचा,
चहाचा कप हातात तसाच.
शेवटी काही बोलला का, मी विचारलं.
"एकच. रस्सी, म्हणाला. रस्सी."

चार मिनिटं नाहीत. तबला नाही.
पुढचा शब्द द्यायला मी तिथं नव्हतो,
आणि त्याला लागलाही नाही.

पुतळ्याचा चेहरा जमलेला नाही.
असू द्या, बॅनरवरही कधी जमला नव्हता.

आज रात्री नाटक तेच आहे. हिरो नवा,
पाठांतर चोख त्याचं.
पण ते भाषण मी संहितेतून फाडलंय,
मालकाला अजून सांगितलेलं नाही.
पोराला म्हटलंय, पडायचं आणि गप्प राहायचं.
लोक शिट्ट्या मारतील. मारू देत.
पडदेवाला खूण मागेल विंगेतून,
मी जरा थांबणार आहे,
विजेरी विझवून.